शून्याच्या मागे लपलेला घातांक

गेल्या सत्रात मंडळाच्या जुन्या अंकांचं टाइप केलेलं साहित्य एका पेनड्राइव्हवर माझ्याकडे आलं. कविता, कथा, लेख, सगळं एकाच फोल्डरमध्ये कोंबलेलं आणि फायलींना नावं म्हणून नुसते आकडे. अडचण अशी की त्यातलं काही मराठी होतं, काही कोंकणी आणि दोन्ही देवनागरीतच. सर म्हणाले, "दोन ढीग कर." एकेक फाइल उघडून वाचायची तर सगळी सुट्टी त्यातच गेली असती. मी साहित्याची विद्यार्थिनी असले तरी ऐच्छिक विषय म्हणून पायथन शिकतेय. म्हटलं, हे काम प्रोग्रॅमलाच देऊया.

प्रोग्रॅम लिहिला आणि छोट्या वाक्यांवर तपासून बघितला. "मी घरी जाते" म्हटलं की उत्तर मराठी. "हांव घरा वतां" म्हटलं की कोंकणी. एकही चूक नाही. मग खुशीत सगळा फोल्डर त्याच्या हवाली केला आणि चहा प्यायला गेले. परत येऊन बघते तर काय, जवळजवळ सगळ्या फायली कोंकणीच्या ढिगात! मराठीच्या ढिगात फक्त चारोळ्या उरल्या होत्या. पहिल्या वर्षाला मी स्वतः लिहिलेला मराठी निबंधसुद्धा कोंकणी ठरला होता.

मी आधी हसले, मग घाबरले. ती यादी तशीच सरांना पाठवली असती तर? आपल्या गोव्यात "हे मराठी की कोंकणी?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यातला नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामात मराठीलाही जागा दिली. त्याआधीच्या वादांच्या आठवणी आजही घराघरात निघतात. कुणाची तरी मराठी कविता संगणकाने सांगितलं म्हणून कोंकणीच्या यादीत गेली असती, किंवा उलट झालं असतं, तर ती चूक गणिताची आहे हे कुणाला कळलं असतं?

संगणक विभागातल्या एका मैत्रिणीला प्रोग्रॅम दाखवला. ती एवढंच म्हणाली, "निकाल नको बघू, आकडे छाप." छापले. मराठीची शक्यता ०.०. कोंकणीची शक्यता ०.०. माझ्या प्रोग्रॅमला काहीच कळलं नव्हतं, तरी त्याने निकाल मात्र दिला होता.

ते शून्य कुठून आलं आणि त्याच्या मागे हरवलेली संख्या परत कशी मिळवली, ते या लेखात सांगते. गणित दहावीनंतर सोडलेल्यांनीही घाबरू नये. मीही त्यातलीच.

शून्य आलं कुठून?

माझी पद्धत साधी होती. प्रत्येक भाषेत अक्षरांच्या काही जोड्या जास्त येतात, काही कमी. मराठीत "आहे" सतत येतं, तिथे कोंकणीत "आसा" येतं. कोंकणीत "म्हजें", "तुजें" असे शब्द भरपूर, म्हणून एकाराच्या मात्रेनंतर अनुस्वार ही जोडी फार दिसते. आजच्या मराठीत ती त्या मानाने कमी. संगणकाला मात्रा हे वेगळंच चिन्ह असतं, त्यामुळे "हे" म्हणजे त्याच्या लेखी दोन चिन्हं.

तर दोन्ही भाषांतला भरपूर मजकूर घ्यायचा आणि या चिन्हानंतर ते चिन्ह येण्याची शक्यता किती, ते मोजून ठेवायचं. मग नवी फाइल आली की तिच्यातल्या सगळ्या जोड्यांच्या शक्यतांचा गुणाकार करायचा, एकदा मराठीच्या तक्त्यावरून, एकदा कोंकणीच्या. ज्या भाषेचा गुणाकार मोठा, ती भाषा.

आता हिशोब बघा. एका जोडीची शक्यता सरासरी ०.०१ धरू, म्हणजे शंभरात एक. दोन जोड्या झाल्या की दहा हजारांत एक. तीन झाल्या की दहा लाखांत एक. दर जोडीला दशांश चिन्हापुढे आणखी दोन शून्यं वाढतात. पायथनमधली नेहमीची दशांश संख्या जास्तीत जास्त किती लहान होऊ शकते? दशांश चिन्हानंतर ३२३ शून्यं आणि मग साधारण ५, इतकी. त्याच्या खाली गेलं की संगणक सरळ ०.० लिहितो. ०.०१ ला ०.०१ ने गुणत गेलं तर १६१ जोड्यांपर्यंत काहीतरी उरतं, १६२ व्या जोडीला संपतं. इंग्रजीत याला अंडरफ्लो म्हणतात.

चारोळीत तेवढी चिन्हं नसतात, म्हणून चारोळ्या वाचल्या. निबंधात हजारो असतात. तिथे दोन्ही गुणाकार शून्य झाले. आणि मी लिहून ठेवलं होतं, "मराठीचा आकडा मोठा असेल तर मराठी, नाहीतर कोंकणी." शून्य शून्यापेक्षा मोठं नसतं, म्हणून सगळं "नाहीतर"च्या ढिगात पडलं. मी ओळ उलट लिहिली असती तर सगळं मराठी ठरलं असतं. भाषेचा त्यात काही संबंधच नव्हता.

परार्ध आणि एक

संगणक संख्या कशी लिहून ठेवतो हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडे मोठ्या संख्यांना स्थानांची नावं आहेत. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. "तीन कोटी" म्हणताना आपण दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतो: आकडा तीन आणि स्थान कोटी. संगणकही तेच करतो, फक्त त्याची स्थानं दहाच्या पटीत नसून दोनच्या पटीत असतात. आकड्याच्या भागाला मँटिसा म्हणतात आणि दोनचा कितवा घात हे सांगणाऱ्या भागाला घातांक. घातांक बदलला की बिंदू पुढेमागे सरकतो, म्हणून नाव फ्लोटिंग पॉइंट, तरंगता बिंदू.

एका नेहमीच्या दशांश संख्येला ६४ बिट मिळतात. चिन्हाला १, घातांकाला ११ आणि मँटिसाला ५२. ही वाटणी आयईईई ७५४ या मानकाने १९८५ मध्ये ठरवली. त्यामागे मुख्य डोकं विल्यम कहान या गणितज्ञाचं होतं. त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याआधी वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं वेगवेगळ्या पद्धतीने संख्या लिहीत, त्यामुळे एकच प्रोग्रॅम दोन यंत्रांवर दोन उत्तरं देऊ शकायचा.

या वाटणीचे दोन परिणाम होतात. पहिला मँटिसाचा. पायथनमध्ये परार्ध ही दशांश संख्या म्हणून लिहा आणि त्यात १ मिळवा. उत्तर येतं परार्धच! कारण त्या उंचीवर शेजारशेजारच्या दोन संख्यांमधलं अंतर १६ असतं. मधल्या संख्या लिहायला बिटच नाहीत. दुसरा परिणाम घातांकाचा. ११ बिटांत मावणारा घातांक खाली वजा १०२२ पर्यंत जातो. त्याच्याही खाली संख्या लगेच शून्य होत नाही, मँटिसातले अंक एकेक करून सोडत वजा १०७४ पर्यंत उतरते. या शेवटच्या पायऱ्यांवरच्या संख्यांना सबनॉर्मल म्हणतात. मग मात्र जिना संपतो.

माझ्या निबंधाचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं होतं. अंक पुरेसे होते, जिना अपुरा होता.

दोन भाग सुटे करणारं फंक्शन

उपाय मैत्रिणीनेच सांगितला. संख्या आधीच दोन भागांत लिहिलेली आहे ना, मग ते दोन भाग आपणच सुटे करायचे आणि घातांक वेगळ्या पूर्णांकात साठवायचा. पायथनमधला पूर्णांक कितीही मोठा होऊ शकतो, त्याला असा जिना नाही.

हे काम करणारं फंक्शन गणिताच्या लायब्ररीत, म्हणजे मॅथ मॉड्यूलमध्ये, तयार आहे. एफ, आर, ई, एक्स, पी अशी त्याची पाच अक्षरं. फ्रॅक्शन आणि एक्स्पोनंट यांचा तो जोड, आम्ही फ्रेक्स्प म्हणतो. त्याला संख्या द्या, ते मँटिसा आणि घातांक अशी जोडी परत देतं. नियम एवढाच की मँटिसा ०.५ किंवा त्याहून मोठी आणि १ पेक्षा लहान असते. उदाहरणार्थ १० दिले तर ०.६२५ आणि ४ मिळतात, कारण ०.६२५ गुणिले १६ म्हणजे १०.

उलटं काम करणारा त्याचा जोडीदार म्हणजे एल, डी, ई, एक्स, पी. त्याला ०.६२५ आणि ४ दिले की १० परत मिळतात. सी भाषेत ही दोन्ही फंक्शनं आहेत, पायथनने ती तिथूनच घेतली. फरक इतकाच की सीमध्ये घातांक ठेवायला आपणच एका चलाचा पत्ता द्यावा लागतो आणि पायथन सरळ जोडी हातात देतं.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की फ्रेक्स्प काहीही गोळाबेरीज करत नाही. बिट होते तसेच राहतात, फक्त घातांक काढून बाजूला ठेवला जातो. एक अंशही हरवत नाही.

हाताने करून बघूया

एक मँटिसा घ्या, सुरुवातीला १. एक घातांकांची बेरीज घ्या, सुरुवातीला ०. आता दर जोडीला तीनच कामं करायची: मँटिसाला शक्यतेने गुणा, गुणाकार फ्रेक्स्पला द्या, मिळालेली मँटिसा ठेवून घ्या आणि मिळालेला घातांक बेरजेत मिळवा.

पहिली जोडी: १ गुणिले ०.०१ म्हणजे ०.०१. फ्रेक्स्प सांगतं, मँटिसा ०.६४, घातांक वजा ६. बेरीज वजा ६.

दुसरी जोडी: ०.६४ गुणिले ०.०१ म्हणजे ०.००६४. फ्रेक्स्प सांगतं ०.८१९२ आणि वजा ७. बेरीज वजा १३. ताळा करा: दोनचा तेरावा घात ८१९२. ०.८१९२ भागिले ८१९२ म्हणजे ०.०००१. बरोबर, दहा हजारांत एक.

तिसरी जोडी: ०.००८१९२. फ्रेक्स्प सांगतं ०.५२४२८८ आणि वजा ६. बेरीज वजा १९. दोनचा एकोणिसावा घात ५,२४,२८८. भागाकार दहा लाखांत एक. पुन्हा बरोबर.

बघा, मँटिसा दर वेळी अर्धा ते एकच्या मध्येच राहते, कधीच जिन्याच्या टोकाला जात नाही. खाली उतरायचं काम सगळं पूर्णांकाकडे. अशा ४०० जोड्या झाल्या की घातांकांची बेरीज वजा २६५७ होते. नेहमीची संख्या वजा १०७४ लाच मेली असती, आपली मात्र धडधाकट आहे.

तुलना करणंही सोपं. ज्या भाषेचा घातांक मोठा तिची शक्यता मोठी. घातांक सारखेच असतील तर मँटिसा बघायची. मराठीचा घातांक वजा २६५७ आणि कोंकणीचा वजा २६९० असेल, तर फरक ३३. दोनचा तेहतिसावा घात म्हणजे सुमारे ८५९ कोटी. मँटिसामुळे त्यात फार तर दुपटीचा फरक पडेल. एवढं अंतर दोन शून्यांच्या मागे लपलं होतं!

जिथे मी पुन्हा घसरले

इतकं करूनही दोन फायली चुकल्या. दोन्ही फायलींत एखादी जोडी अशी होती की ती मराठीच्या तक्त्यात एकदाही आली नव्हती. तिची शक्यता खरोखरच शून्य. शून्याला फ्रेक्स्प दिलं की मँटिसा ० आणि घातांकही ० मिळतो. म्हणजे तिथून पुढे मराठीची बेरीज खाली उतरायचीच थांबली, कोंकणीची मात्र उतरत राहिली. शेवटी घातांक मोठा कुणाचा? जी शक्यता शून्य होऊन बसली तिचाच! पहिल्या वेळी शून्याने सगळं कोंकणीकडे ढकललं होतं, या वेळी मराठीकडे. यावर उपाय म्हणजे मोजणी करताना प्रत्येक जोडीच्या संख्येत आधीच १ मिळवून ठेवायचा. आपण वाचली नाही म्हणून ती जोडी भाषेत नाहीच, असं कसं म्हणणार?

दुसरा खड्डा मी पडण्याआधी दाखवला गेला. शेवटी दोन्ही भाग एल-डी-ईएक्सपीने जोडून "खरी संख्या" छापायचा मोह होतो. छापली तर परत ०.० च येणार, कारण जिना तोच आहे. जोडायचंच असेल तर आधी मँटिसांचा भागाकार आणि घातांकांची वजाबाकी करा, मग जोडा. तेव्हा किती पट ते कळतं. पण तो फरक फारच मोठा निघाला तर वरच्या टोकाची भिंत लागते. १०२४ च्या पुढे पायथन चुकीचा संदेश देऊन थांबतं, सी भाषा सहसा "अनंत" असं उत्तर देते.

तिसरा खड्डा नावांचा. सी भाषेत लॉगबी आणि आयलॉगबी अशीही फंक्शनं आहेत, तीही घातांकच देतात. पण ती मँटिसा १ ते २ च्या मध्ये धरतात. म्हणून ८ साठी फ्रेक्स्प ४ म्हणतं, लॉगबी ३ म्हणतं. दोन्ही खरी, कारण ०.५ गुणिले १६ पण ८ आणि १ गुणिले ८ पण ८. एका प्रोग्रॅममध्ये दोन्ही मिसळलीत तर मात्र एकाचा घोळ कायमचा. जावा भाषेतलं गेट-एक्स्पोनंटही लॉगबीच्या बाजूचं आहे.

लॉग का नाही वापरला?

गणितवाले मित्र एव्हाना म्हणत असतील, एवढा खटाटोप कशाला, लॉगरिदम घे आणि गुणाकाराऐवजी बेरीज कर. खरं आहे. ०.०१ चा नैसर्गिक लॉग वजा ४.६०५, चारशे वेळा मिळवला की वजा १८४२. हा आकडा कुठेही आरामात मावतो आणि बहुतेक लोक हेच करतात. नुसता गुणाकार असेल तर तुम्हीही हेच करा.

पण लॉगच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मध्ये कुठे शक्यतांची बेरीज करावी लागली, समजा एकाच शब्दाची दोन शुद्धलेखनं दोन्ही चालतात, तर लॉगची बेरीज सरळ होत नाही, पुन्हा मूळ संख्यांकडे यावं लागतं. सुट्या घातांकात मात्र दोन घातांक जुळवून घेतले की बेरीज साधी. दोन, लॉग हा गोळाबेरीज केलेला आकडा असतो. पायथनला १००० चा लॉग पाया १० देऊन विचारा, उत्तर ३ न येता २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं. त्याचा पूर्णांक घेतला की २! त्याचसाठी असलेलं लॉग-टेन हे वेगळं फंक्शन बरोबर ३ देतं. दोनच्या पायालाही हे होतं. दोनच्या त्रेपन्नाव्या घातातून १ वजा केला तर त्या संख्येचं खरं स्थान ५२ आहे, पण लॉग-टू पूर्ण ५३ सांगतं. फ्रेक्स्प तिथेही फसत नाही, कारण ते मोजत नाही, लिहिलेलं वाचतं. म्हणून घातांकच हवा असेल तर लॉगवरून अंदाज बांधू नका, फ्रेक्स्पला विचारा.

तिसरा ढीग

शेवटी फोल्डर पुन्हा चालवला. माझा निबंध मराठीत परत आला, चारोळ्याही जागेवर राहिल्या. पण या वेळी मी "नाहीतर" ही ओळच काढून टाकली. आता तीन ढीग होतात: मराठी, कोंकणी आणि "वाचून ठरवा." दोन घातांकांतला फरक मजकुराच्या लांबीच्या मानाने फारच कमी असेल तर फाइल तिसऱ्या ढिगात जाते.

८५९ कोटी पट म्हटलं तरी ती खात्री नव्हे, हेही सांगायला हवं. माझा प्रोग्रॅम प्रत्येक जोडी सुटी धरतो, आणि भाषेत अक्षरं तशी सुटी नसतात. "आ" नंतर "ह" आला की पुढची मात्रा जवळजवळ ठरलेलीच असते. त्यामुळे आकडे फुगतात. आकडा शून्य दिसला म्हणून काहीच नाही असं नाही, तसाच तो अवाढव्य दिसला म्हणून सगळं कळलं असंही नाही.

तिसऱ्या ढिगात सात फायली आल्या. त्या मी वाचल्या. त्यातली एक कथा होती, निवेदन मराठीत आणि आजीचं सगळं बोलणं कोंकणीत. ती कुठल्या ढिगात घालायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "दोन्हीकडे एकेक प्रत ठेव."